आद्य स्त्रीची उत्पत्तिकथा : मूळ वचनें व त्यांवरील भाष्यें

कांहीं वर्षांपूर्वीं एका व्याख्यानमालेंत ख्रिस्ती व इस्लामी धर्मांतील सृष्टिकथांवर बोलण्याचा प्रसंग आमच्यावर आला होता. बोलण्याच्या ओघांत, "आदमाच्या फांसळीपासून हव्वा झाली, तिनें नवऱ्यास भुलविलें, आणि त्या अपराधाचा दंड स्त्रीजात आजवर भोगीत आहे, असें बायबल व कुराण हे दोन्ही ग्रंथ एकमुखानें सांगतात," असें विधान आम्ही करून बसलों. सभा संपल्यावर एक वृद्ध मुसलमान शिक्षक जवळ आले व अत्यंत नम्रपणें म्हणाले, "मास्तरसाहेब, कुराणांत हें कोठें आहे, तेवढें दाखवाल काय? आमच्या घरांतहि हीच कथा सांगतात; पण मला ती त्या ग्रंथांत आढळली नाहीं." घरीं येऊन आम्हीं कुराणाचीं भाषांतरें आरंभापासून अखेरपर्यंत चाळलीं. फांसळी नाहीं, सर्प नाहीं, हव्वेचें नांवसुद्धां नाहीं! "मूळ पाहिल्यावांचून लिहूं नये" असें जन्मभर विद्यार्थ्यांस बजावणाऱ्या माणसानें मूळ न पाहतां भर सभेंत विधान ठोकून दिलें होतें. प्रस्तुत लेख ही त्या चुकीची भरपाई होय.

परंतु चूक केवळ आमची एकट्याची नाहीं. अमुक धर्म स्त्रीस मान देतो व तमुक देत नाहीं, अशा वादांत सृष्टिकथा पुराव्यादाखल पुढें केल्या जातात, आणि त्या वेळीं मूळ वचन, त्यावरील भाष्य व समाजांत चालणारा कायदा ह्या तिहींची सरमिसळ होते. संस्कृत शास्त्रांचा थोडाहि परिचय असणारास हा घोटाळा नवा नाहीं. मीमांसकांनीं विधि आणि अर्थवाद असा भेद केला तो ह्याचसाठीं. अमुक करावें हा विधि. त्या विधीची थोरवी पटविण्यासाठीं सांगितलेली कथा हा अर्थवाद. अर्थवादास स्वतंत्र प्रामाण्य नाहीं, तो विधीच्या आश्रयानें उभा राहतो, असा जैमिनीच्या पहिल्या अध्यायांतील दुसऱ्या पादाचा निष्कर्ष आहे. हें माप ह्या दोन परकीय परंपरांस लावून पाहिल्यास काय दिसतें, तें पुढें मांडतों.

१

प्रथम बायबल. जुन्या कराराच्या आरंभींचा 'उत्पत्ति' हा ग्रंथ यहुदी व ख्रिस्ती ह्या दोहोंसहि पूज्य आहे. त्यांत सृष्टीच्या कथा एक नसून दोन आहेत, ही गोष्ट इ. स. १७५३ मध्यें झां आस्त्र्यूक ह्या फ्रेंच वैद्यानें देवाच्या भिन्न नामांवरून सूचित केली आणि पुढील संशोधकांनीं ती बहुतांशीं मान्य केली. पहिल्या अध्यायांत देव सहाव्या दिवशीं मनुष्य निर्माण करतो, आणि तो नर व नारी असा एकदमच निर्माण करतो. दोघेंहि देवाच्या प्रतिरूपांत घडलीं व पृथ्वीवरील सत्ता दोघांसहि मिळाली. अगोदर कोण व मागून कोण, हा प्रश्नच तेथें उद्भवत नाहीं.

दुसऱ्या अध्यायांतील कथा निराळी आहे. तेथें मातीपासून प्रथम मनुष्य घडतो. त्यानें एकटें असणें बरें नव्हे म्हणून पशुपक्षी घडतात. परंतु त्यांत त्याच्या जोडीचें कोणी नसतें. मग त्यास गाढ निद्रा आणून त्याच्या देहाच्या एका भागापासून देव स्त्री घडवितो. हा भाग म्हणजे फांसळी, असा आपला समज आहे. मूळ इब्री शब्द 'त्सेला' असा आहे, व जुन्या करारांत इतरत्र तो निवासमंडपाची किंवा कोशाची बाजू ह्या अर्थानें येतो. ग्रीक भाषांतरकारांनीं योजिलेल्या शब्दास बाजू व फांसळी असे दोन्ही अर्थ होते. जेरोमच्या लॅटिन भाषांतरांत मात्र निःसंदिग्ध फांसळीच उरली.

'त्सेला' म्हणजे बाजू, ही आधुनिकांची सारवासारव आहे असें कोणी म्हणेल, तर तें खरें नव्हे. 'बेरेशीत रब्बा' ह्या प्राचीन यहुदी भाष्यांत एका आचार्याचें मत नमूद आहे तें असें, कीं पहिला मनुष्य दुतोंडी होता व देवानें त्यास मधोमध दुभागून दोन पाठींचीं दोन माणसें केलीं. त्यावर कोणी फांसळीचें वचन पुढें करतांच तो निवासमंडपाच्या 'बाजू'चा दाखला देतो. हें वाचतांना बृहदारण्यकाच्या पहिल्या अध्यायाचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. तेथेंहि एकटा पुरुष रममाण होत नाहीं, आलिंगित स्त्रीपुरुषांएवढा होतो, आपणांस दुभागतो, व त्यांतून पति आणि पत्नी होतात. एका कथेनें दुसरीपासून उसनें घेतलें असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. एकटेपणाची तीच व्यथा दोन देशांत एकाच रूपकानें बोलली, एवढेंच.

स्त्रीस लाविलेला 'एज़ेर', म्हणजे साहाय्यक, हा शब्दहि पाहण्यासारखा आहे. मराठींत 'मदतनीस' म्हटलें कीं हाताखालचा माणूस डोळ्यांपुढें येतो. इब्रींत हाच शब्द बहुधा देवाविषयीं, भक्तांचा साह्यकर्ता ह्या अर्थानें, योजिलेला आहे. त्यास जोडलेल्या पदाचा अर्थ 'त्याच्या समोरची, त्याच्या तोडीची' असा होतो.

तिसऱ्या अध्यायांत पतन येतें. सर्प स्त्रीशीं बोलतो, ती फळ खाते व आपल्याजवळ असलेल्या नवऱ्यासहि देते. हें 'जवळ असलेल्या' पद महत्त्वाचें आहे, कारण त्यावरून सर्पाचें भाषण चाललें असतां पुरुषहि तेथें मुकाट्यानें उभा होता असें दिसतें. जेरोमच्या लॅटिनांत नेमकें हेंच पद गळलें. पुढें दंड सांगितले आहेत, त्यांत शाप हा शब्द सर्पास व भूमीस लाविला आहे. स्त्रीस किंवा पुरुषास नाहीं. परंतु प्रसूतीचें कष्ट व पतीची सत्ता हीं मात्र स्त्रीच्या वांट्यास स्पष्टपणें येतात. तेव्हां मूळ कथा सर्वथा निर्दोष आहे असें म्हणतां येणार नाहीं. दुसऱ्या अध्यायांत स्त्री पुरुषासाठीं घडली आहे व तिला नांवहि त्यानेंच ठेविलें आहे. प्रश्न इतकाच, कीं पुढील पिढ्यांनीं ह्यांतून काय उचललें?

२

आतां कुराण. आदमाचा वृत्तांत त्यांत एके ठिकाणीं सलग नाहीं; दुसऱ्या, सातव्या, पंधराव्या, विसाव्या, अडतिसाव्या इत्यादि सूरांत तो प्रसंगानुरूप विखुरलेला आहे. स्त्रीच्या उत्पत्तीविषयीं चौथ्या सूरेची पहिली आयत मुख्य होय. परमेश्वरानें तुम्हां सर्वांस एका जीवापासून निर्माण केलें, त्यापासूनच त्याचा जोडीदार निर्माण केला व त्या दोहोंपासून अनेक पुरुष व स्त्रिया पसरविल्या, असा तिचा आशय आहे. 'जीव' ह्या अर्थाचा 'नफ्स' हा अरबी शब्द व्याकरणदृष्ट्या स्त्रीलिंगी, तर जोडीदार ह्या अर्थाचा 'ज़ौज' हा पुल्लिंगी आहे. व्याकरणाच्या लिंगावरून देहाचें लिंग ठरवूं नये, हें 'दार' शब्द पुल्लिंगी चालविणाऱ्या संस्कृतज्ञांस सांगणें नकोच. तथापि ह्या आयतींत प्रथम पुरुष व मग स्त्री असें शब्दांनीं सांगितलेलें नाहीं, हें निश्चित. इजिप्तचे सुप्रसिद्ध पंडित मुहम्मद अब्दुह (१८४९–१९०५) ह्यांनीं तर येथील 'जीव' म्हणजे आदमच असें आयत म्हणत नाहीं, असें प्रतिपादिलें.

पतनाच्या कथेंत भेद अधिक ठळक आहे. सातव्या सूरेंत सैतान दोघांच्या कानांत कुजबुजतो, दोघें फळ चाखतात व दोघें मिळून क्षमा मागतात. विसाव्या सूरेंत तर तो आदमाशींच बोलतो, आणि आज्ञाभंगाचा ठपकाहि आदमाच्याच नांवें ठेविलेला आहे. दुसऱ्या सूरेप्रमाणें आदमाचा पश्चात्ताप स्वीकारला जातो. त्यामुळें पिढ्यान्‌पिढ्या वाहणारें आदिपाप इस्लामांत नाहीं, आणि प्रसूतिवेदना हा स्त्रीचा दंड असेंहि कुराण कोठें म्हणत नाहीं.

मात्र येथेंहि एकांगी होऊन चालणार नाहीं. वस्तूंचीं नामें आदमास शिकविलीं, देवदूतांनीं वंदन आदमास केलें. त्याची पत्नी अनामिकच राहिली. सबंध कुराणांत नांवानें उल्लेखिलेली स्त्री एकच, ती येशूची माता मरियम. हव्वेस दोष नाहीं हें खरें. पण तिचें स्वतःचें भाषण किंवा निर्णय असाहि कांहीं नाहीं. बायबलांतील स्त्री चुकते, परंतु विचार करून हात पुढें करते. दोन कथांतील हा भेद गुणदोषांच्या यादींत सहसा कोणी मांडीत नाहीं.

३

भाष्यांकडे वळतां चित्र पालटतें. पाचव्या अध्यायाच्या आरंभींच्या वंशवृत्तापुढें इब्री जुन्या करारांत ह्या स्त्रीची कथा जवळजवळ विस्मृत होते. तिच्या पातकावर कोणताहि संदेष्टा प्रवचन करीत नाहीं. पापाचा आरंभ स्त्रीपासून झाला, हें वचन ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतील बेन सीराच्या ग्रंथांत आढळतें. येशूनें घटस्फोटाच्या प्रश्नावर उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांचा आधार घेतला, तोहि पुरुषांस स्वैरपणें पत्नी टाकण्याची मोकळीक नाकारण्यासाठीं. तिसऱ्या अध्यायाचें नांव त्यानें काढिलें नाहीं. पौलानें रोमकरांस लिहितांना मृत्यूचा दोष आदमावर ठेविला. परंतु तीमथ्याच्या पहिल्या पत्रांत, जें खुद्द पौलाचें नसावें असें आजचे बहुतेक अभ्यासक मानतात, स्त्रीनें उपदेश करूं नये असा विधि येतो व त्याच्या पुष्टीसाठीं दोन कारणें दिलीं आहेत : आदम अगोदर घडला, आणि भुलली ती स्त्री. विधि पुढें व कथा मागें, असें हें अर्थवादाचें निखळ उदाहरण होय.

ह्यापुढें वाट उताराची आहे. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या तेर्तुल्यानानें आपल्या काळच्या प्रत्येक स्त्रीस हव्वाच ठरवून, सैतानास आंत येण्याचें द्वार म्हटलें. ऑगस्टीननें (३५४–४३०) आदिपापाचा सिद्धांत रचतांना रोमकरांस पत्रांतील एका वाक्याच्या लॅटिन पाठावर भिस्त ठेविली. मूळ ग्रीकांत तो अर्थ स्पष्ट नाहीं. इ. स. १४८६ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या 'मॅलियस मॅलेफिकारम' ह्या चेटकिणींच्या छळाच्या कुप्रसिद्ध ग्रंथांत हाइन्रिख क्रामर म्हणतो, कीं पहिली स्त्री वांकड्या फांसळीपासून झाली, म्हणून तिच्या घडणींतच खोट आहे. फांसळीची वक्रता बायबलांत कोठेंहि नाहीं. ती भाष्यकाराची देणगी आहे, आणि तिच्या आधारानें चेटकिणी ठरविलेल्या स्त्रियांच्या छळास पांडित्याचा मुलामा मिळाला.

तथापि त्याच फांसळीपासून निराळा निष्कर्षहि निघाला. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनसनें लिहिलें, कीं स्त्री मस्तकापासून घडली नाहीं, कारण तिनें पुरुषावर सत्ता चालवावयाची नव्हती. पायापासूनहि नाहीं, कारण ती त्याची दासी नव्हे. ती कुशीपासून घडली, म्हणून सहचारिणी. हाच अक्वायनस अन्यत्र अॅरिस्टॉटलच्या मागें जाऊन स्त्रीस अपूर्ण पुरुष म्हणतो! सारांश, आधारवाक्य एक, निष्कर्ष ज्याच्या त्याच्या पूर्वग्रहाप्रमाणें.

भाष्याची झळ देहास कशी पोंचते ह्याचें एक उदाहरण देतों. एडिंबरो येथील जेम्स यंग सिम्प्सन ह्या डॉक्टरनें इ. स. १८४७ मध्यें प्रसूतीच्या वेळीं क्लोरोफॉर्मचा उपयोग केला. वेदना हा देवदत्त दंड असतां तो चुकविणें पाप नव्हे काय, ह्या शंकेस उत्तर म्हणून त्याच वर्षीं त्यानें एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तींत त्यानें इब्री शब्दाचा अर्थ 'वेदना' नसून 'श्रम' असा केला, व देवानेंहि फांसळी काढण्यापूर्वीं आदमास निद्रा आणिली होती, ह्याकडे लक्ष वेधलें. त्याच धातूचा शब्द पुढें पुरुषाच्या शेतांतील कष्टांसहि लाविला आहे; आणि नांगर हलका करणें पाप, असें कोणी म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

४

इस्लामी परंपरेंत जें कुराणांत नव्हतें तें हदीसवचनांच्या व कुराणभाष्यांच्या द्वारें आलें. बुखारी (मृत्यु इ. स. ८७०) व मुस्लिम (मृत्यु इ. स. ८७५) ह्यांच्या संग्रहांत अबू हुरैरा ह्यांच्या नांवें एक वचन आहे : स्त्री फांसळीपासून घडली आहे, फांसळीचा वरचा भाग अधिक वांकडा असतो, सरळ करूं जाल तर मोडेल, म्हणून स्त्रियांशीं चांगुलपणानें वागा. क्रामरच्या वाक्याशेजारीं हें ठेवून पाहावें. वक्रता दोन्हीकडे आहे. पण एकीकडे तिच्यापासून छळाचा उपदेश निघतो, तर दुसरीकडे सौजन्याचा. हें सौजन्य बरोबरीच्या माणसाचें नव्हे, मोडक्या वस्तूस जपणाराचें आहे, असा आक्षेप घेतां येईल व तो आम्हांस मान्य आहे. त्याच संग्रहांत, हव्वा नसती तर कोणतीहि स्त्री पतीशीं प्रतारणा करती ना, अशा आशयाचें वचनहि आहे, आणि त्यांत उपदेशाचा मऊपणा उरलेला नाहीं.

पुढें तबरीनें (मृत्यु इ. स. ९२३) आपल्या विस्तीर्ण भाष्यांत पूर्वीच्या आख्यायिका परंपरेसह संग्रहित केल्या. त्यांत येमेनचे वह्ब इब्न मुनब्बिह ह्यांच्यासारख्यांच्या नांवावरील, यहुदी व ख्रिस्ती मंडळींकडून आलेल्या पुष्कळ कथा आहेत. सर्प त्यांतून परत आला, हव्वेनें नवऱ्यास भुलविणें आलें, आणि स्त्रीचा ऋतुस्राव व प्रसूतिकष्ट हे दंड म्हणून आले. अशा कथांस मुसलमान पंडितांनींच 'इस्राईलियात' असें नांव दिलें व त्यांच्या प्रामाण्याविषयीं सावधगिरीची सूचनाहि दिली. पण लोकांच्या तोंडीं कथा राहते, सूचना राहत नाहीं. त्या वृद्ध शिक्षकाच्या घरांत जी कथा चालत होती ती ह्या मार्गानें आलेली होती.

५

आतां मुख्य प्रश्न. कथा सौम्य तर स्त्रीची स्थिति चांगली, आणि कथा कठोर तर वाईट, असा नियम आहे काय? इतिहास तसें सांगत नाहीं. कुराणाची सृष्टिकथा स्त्रीस दोष देत नाहीं. परंतु त्याच चौथ्या सूरेंत मुलीस मुलाच्या निम्मा वांटा ठरविला आहे व पुरुषांस स्त्रियांवर अधिकार दिला आहे. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं त्या अधिकारासाठीं तेथें सृष्टिकथेचा आधार घेतलेला नाहीं. ईश्वरानें एकास दुसऱ्याहून दिलेलें आधिक्य व पुरुष करीत असलेला खर्च, हीं कारणें दिलीं आहेत. उलट ज्या ख्रिस्ती युरोपांत हव्वेवर दोषांचा डोंगर रचला गेला, तेथें इंग्लंडांतील विवाहित स्त्रीस इ. स. १८७० व १८८२ च्या कायद्यांपूर्वीं स्वतःच्या नांवें मालमत्ता ठेवण्याचा हक्क सामान्य कायद्यानें जवळजवळ नव्हता. मुसलमान स्त्रीस तो हक्क, निम्म्या वांट्याचा का होईना, धर्मशास्त्रानें सातव्या शतकापासून होता. कथेची सौम्यता एकीकडे, मालमत्तेची विषमता दुसरीकडे; हे दोन पट एकमेकांवर ठेवल्यास जुळत नाहींत.

आपल्या घरीं तरी काय आहे? मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायांत ब्रह्मा आपल्या देहाचे दोन भाग करून अर्ध्यानें पुरुष व अर्ध्यानें नारी होतो. ह्याहून समतेची सृष्टिकथा कोणती? त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायांत स्त्री कोणत्याहि वयांत स्वातंत्र्यास योग्य नाहीं, असें ठरविलें आहे. दोन ओळींचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे, असें स्मृतिकारास वाटलेलें दिसत नाहीं. दुसऱ्याच्या घरची फांसळी मोजणारांनीं हें अर्धांग विसरूं नये.

६

ही कथा मराठींत आली ती मूळ इब्रींतून नव्हे. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हा इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आला, व त्याचें 'क्रिस्तपुराण' इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्याच्या पहिल्या पुराणांत सृष्टीची उत्पत्ति व आद्य दांपत्याचें पतन ओवीबद्ध झालें आहे. स्टीफन्स लॅटिन परंपरेंत वाढलेला धर्मगुरु होता. म्हणून आपल्या भाषेंत मूळ व भाष्य हीं एकाच ओवींत विरघळून आलीं. तीन शतकांनंतर पंडिता रमाबाईंनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचें मराठी भाषांतर केलें, इ. स. १९२२ मध्यें त्या वारल्या व इ. स. १९२४ मध्यें तें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. धर्मशास्त्रें स्वतः वाचून त्यांत स्त्रीविषयीं काय लिहिलें आहे तें पाहणारी ही विदुषी, धर्मांतरानंतरहि दुसऱ्यांच्या सांगण्यावर विसंबली नाहीं. मूळ भाषेपर्यंत जाऊन भिडली. त्यांचीं मतें मान्य असोत वा नसोत, ही वृत्ति अनुकरणीय आहे.

दोन्ही धर्मांतील स्त्रियांनीं पुढें हाच मार्ग धरला, हें विशेष. अमेरिकेंत एलिझाबेथ केडी स्टँटन व त्यांच्या सहकारिणींनीं इ. स. १८९५ व १८९८ मध्यें 'द वूमन्स बायबल' प्रसिद्ध केलें, इ. स. १९७८ च्या ग्रंथांत फिलिस ट्रिबल ह्यांनीं इब्री शब्दांची फेरतपासणी केली, आणि इ. स. १९९२ मध्यें आमिना वदूद ह्यांनीं 'कुरान अँड वुमन' ह्या पुस्तकांत कुराणाच्या शब्दांवर तेंच काम केलें. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष टिकेल असें आम्हांस वाटत नाहीं. स्त्रीवर पतीची सत्ता सांगणारें वचन कितीहि घासलें तरी तें पूर्णपणें पुसलें जात नाहीं. पण शेंकडों वर्षें ज्यांच्याविषयीं भाष्यें लिहिलीं गेलीं, त्या आतां स्वतः भाष्य लिहीत आहेत, हें थोडें नव्हे.

तात्पर्य, ह्या दोन सृष्टिकथांची तुलना करतांना निकाल असा द्यावा लागतो : मूळांत भेद मोठा आहे, भाष्यांत भेद थोडा आहे, आणि कायद्याचा भेद कथेवरून सांगतां येत नाहीं. समाजानें स्त्रीचें स्थान अगोदर ठरविलें, व मग कथेंतून सोयीचें तेवढें उचलून त्यास आधार जोडला. म्हणून कोणत्याहि धर्माच्या स्त्रीविषयक वृत्तीची परीक्षा करणारानें आदिकथेपाशीं न थांबतां वारसा, विवाह, शिक्षण व उपदेशाचा अधिकार ह्यांच्या नियमांकडे जावें. आणि कथेविषयीं बोलावयाचेंच असेल, तर पान उघडून बोलावें.

असो. त्या वृद्ध शिक्षकांस आम्हीं पुढें पत्र लिहून चूक कबूल केली. त्यांचें उत्तर दोन ओळींचें होतें : आमच्या प्रश्नामुळें त्यांनींहि बायबल प्रथमच उघडलें, आणि पहिल्या अध्यायांत नर व नारी एकदम निर्माण झाल्याचें वाचून तेहि चकित झाले, तोंवर त्यांसहि फांसळीच ठाऊक होती.